माळावर झाडे नकोत, गवत हवे

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीच्या आकड्यांची चढाओढ सुरू होते. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. देशाच्या एक तृतीयांश भूभागावर वन वा वृक्षाच्छादन असावे, हे 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणाचे लक्ष्य. ते डोळ्यांसमोर ठेवून सोलापुरातही उघड्या माळावर खड्डे खणले गेले, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली. पण हा माळ ओसाड नाही. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुरमाड जमिनीचे खरे रान म्हणजे गवत. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर पावसानंतर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते गुडघाभर वाढतात. त्यात काळवीट चरते, लांडगा दबा धरतो. माळढोकासाठी 1979 मध्ये येथे अभयारण्य झाले, तरी तो पक्षी आज दिसेनासा झाला आहे. शिकार, शेती, वीजतारा ही कारणे आहेतच; माळावरच्या दाट लागवडीनेही त्याचा मोकळा अधिवास आक्रसला.

हाच माळ धनगरांच्या मेंढरांचा आणि खिल्लार जनावरांचा चारा. घोंगडीची लोकर त्यावरच पोसली जाते. रोपवनाला कुंपण पडले की मेंढपाळाची वाट अडते, हा तोटा लागवडीच्या कोणत्याच हिशेबात धरला जात नाही. झाडे जरूर लावावीत. बांधावर, रस्त्याकडेला, गावठाणात कडुनिंब, बाभूळ, चिंच लावावी. गवताळ माळ मात्र लागवडीच्या उद्दिष्टातून कायमचे वगळावेत आणि चराईचे नियोजन मेंढपाळांना सोबत घेऊन करावे. वन विभागाने येत्या हंगामापूर्वीच तसा आदेश काढावा.