हेम्पचे सूत घेण्याआधी खताचा हिशेब विचारा

कापडाचा धंदा करणाऱ्याने खतावर का लिहावे, असे काही व्यापारी बांधवांना वाटेल. कारण साधे आहे. हेम्पचे, म्हणजे भांगेच्या झाडाच्या सालीतून निघणाऱ्या धाग्याचे सूत आता आपल्या बाजारात येऊ लागले आहे, आणि त्याला 'सेंद्रिय' हा शब्द जोडला की किलोमागे दर चढतो. मीही थोडे सूत मागवले. एक पेटी चांगली निघाली, दुसरी मागावर तुटतच राहिली. विकणाऱ्याला विचारले, हे पीक कोणत्या खतावर वाढले? तो म्हणाला, "साहेब, सेंद्रिय आहे ना!" यापलीकडे त्याच्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी हा विषय समजून घेऊ लागलो.

प्रथम एक शंका दूर करू. हा नशेचा व्यापार नाही, आणि त्या व्यापारापासून आपण दूरच राहिले पाहिजे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम १४ मध्ये धागा आणि बी यांसाठी सरकारच्या परवानगीने लागवड करण्याची सोय आहे. उत्तराखंडने असे परवाने दिले आहेत. तेथे ज्या वाणात नशेचा अंश ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, तोच लावता येतो. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरी गावांत या सालीचे दोर आणि 'भंगेला' नावाचे जाडेभरडे कापड पूर्वापार होत आले आहे. परवान्याशिवाय लागवड करणे मात्र गुन्हा आहे, हे कुणी विसरू नये.

आता खताकडे वळू. हे पीक तीन-चार महिन्यांत माणसाच्या दुप्पट उंच होते. इतकी वाढ हवेवर होत नाही. धाग्याच्या पिकाला हेक्टरी साधारण १०० किलो नत्र लागते, असे धरून हिशेब करू. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का असते. म्हणजे २० टन शेणखतात १०० किलो नत्र झाले. पण पहिल्या हंगामात त्यातले जेमतेम एक तृतीयांश पिकाच्या हाती लागते. बाकीचे जमिनीत राहून पुढच्या पिकांना मिळते. "शेणखत टाकले, काम झाले" असे म्हणणारा शेतकरी येथेच फसतो.

उरलेली तूट दोन वाटांनी भरता येते. एक, हिरवळीचे खत. जेथे हवामान साथ देते तेथे ताग किंवा धैंचा पेरून, फुलावर येताच, साधारण ४५ ते ५० दिवसांनी जमिनीत गाडावा. ताग हेक्टरी ६० किलो किंवा त्याहून अधिक नत्र देऊ शकतो. उशीर केला तर दांडे जून होतात आणि कुजायला वेळ लागतो. दुसरी वाट पेंडीची. निंबोळी पेंडीत नत्र सुमारे ५ टक्के असते, म्हणजे ४०० किलोत २० किलो. डोंगरात गुरांच्या गोठ्यात बांज वृक्षाचा पाला अंथरून त्याचे खत करतात. ही रीत चांगली आहे, पण खत पुरते कुजलेले हवे. अर्धवट कुजलेला पाला आपल्या कुजण्यासाठी जमिनीतलेच नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते.

मग जास्त खत घातले तर धागा जास्त मिळेल का? येथेच व्यापाऱ्याचे नुकसान आहे. नत्र फार झाले, विशेषतः उशिरा दिले, तर खोड जाड व पोकळ होते, पीक आडवे पडते आणि धागा भरड व कमजोर निघतो. दाट पेरणी आणि माफक नत्र यातून बारीक, लांब धागा मिळतो. दोष सगळा खताचा नसतो. साल सडवण्यात आणि कातण्यातही माल बिघडतो. पण सुरुवात शेतातून होते.

आणखी एक गोष्ट. कापलेली खोडे शेतातच दवावर सडवली, तर गळलेली पाने आणि खोडातले पालाश मातीला परत मिळते. उलट, हे झाड मातीतले शिसे, कॅडमियमसारखे जड धातूही शोषते. म्हणून शहराच्या कचऱ्याचे खत तपासल्याशिवाय वापरू नये.

माझे मत स्पष्ट आहे. 'सेंद्रिय' हा शब्द लेबलवर छापून येत नाही, तो उकिरड्यापासून कमवावा लागतो. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून चालू आहे, आणि हंगामी पिकाच्या जमिनीला सेंद्रिय ठरण्यापूर्वी साधारण दोन वर्षांचा रूपांतर काळ काढावा लागतो. कालपर्यंत युरिया टाकणाऱ्या शेतातला माल आज सेंद्रिय म्हणून विकला जात असेल, तर तो खोटा सौदा आहे.

तेव्हा सौदा करताना तीन गोष्टी मागा: शेताचे प्रमाणपत्र, त्या विशिष्ट लॉटचे व्यवहार प्रमाणपत्र, आणि कोणते खत किती व कधी घातले याची नोंदवही. ही वही जो दाखवतो त्याला दोन रुपये जास्त द्यायला हरकत नाही. जो टाळाटाळ करतो, त्याचे सूत साध्या सुताच्याच भावाने मागा. आपला यंत्रमागवाला आधीच पातळ नफ्यावर जगतो. परत आलेल्या एका मालाने त्याचे वर्ष बुडते, आणि तेव्हा खताचा प्रश्न शेतकऱ्याचा राहत नाही, आपलाच होतो.