नवरदेव कोण?

तरुण हे राष्ट्राचे आधारस्तंभ आहेत, हे वाक्य आपल्याकडे इतक्या व्यासपीठांवरून उच्चारले गेले आहे की, ते ऐकून आता तरुणांसही काही वाटेनासे झाले आहे. वक्त्याने ते म्हणावयाचे, श्रोत्यांनी टाळ्या द्यावयाच्या आणि सभा संपताच ज्याने त्याने आपल्या वाटेस लागावयाचे. तरुणांनी नेमके काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. आज आम्ही त्यांस एकच गोष्ट सांगणार आहोत. तिला पैसा लागत नाही, शासनाची मंजुरी लागत नाही आणि ती उद्यावरही टाकावी लागत नाही.

आमच्या जिल्ह्याच्या ईशान्येस, किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात इस्लापूर वसले आहे. सहस्रकुंडाचा धबधबा पाहावयास पावसाळ्यात शहरवासी तिकडे हौसेने जातात. परंतु त्या परिसरातील पाड्यांत, तांड्यांत व वाड्यांत लग्नसराईच्या दिवसांत काय घडते, ते पाहावयास कोणी जात नाही. शाळेच्या बाकावरील एखादी मुलगी एके दिवशी दिसेनाशी होते आणि काही दिवसांनी ती परगावी कुंकू लावून पाण्याचा हंडा वाहताना आढळते. हे एकट्या इस्लापूरचे किंवा कोणा एका जातीजमातीचे दुखणे आहे, असे मात्र कोणी समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे, महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच झालेले होते. शेजारच्या परभणी जिल्ह्यात हेच प्रमाण ४८ टक्क्यांच्या घरात होते. म्हणजे जवळजवळ दर दोन मुलींमागे एक! फुले, आगरकर व कर्वे यांच्या महाराष्ट्राने या आकड्यापुढे मान खाली घालावी, असाच हा आकडा आहे.

कायदा नाही म्हणून हे घडते काय? तसे मुळीच नाही. शारदा कायदा १९२९ साली झाला, तेव्हा हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, ही सबब एके काळी सांगता आली असती. पुढे १९७८ मध्ये मुलीसाठी अठरा व मुलासाठी एकवीस अशी वयोमर्यादा ठरली आणि २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा झाला. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. गावचा ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. परंतु ज्या लग्नास सारे गाव जेवावयास बसते, त्या लग्नाची वर्दी त्याला द्यावयाची कोणी?

दारिद्र्य हे कारण सांगितले जाते व ते खोटे नाही. मराठवाड्यातून हजारो कुटुंबे दरसाल ऊसतोडीस जातात. तेथे ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती त्या जोडीवर देतो. पोर वयात आली की, तिला गावी कोणाच्या भरवशावर ठेवावे, या चिंतेने बाप गांजतो. तिचे लग्न लावून दिले की, बापाच्या डोक्यावरचा भार उतरतो आणि सासरी एक कोयता वाढतो. हा हिशेब क्रूर आहे, परंतु तो मांडणारा बाप क्रूर असतोच असे नाही. तो बहुधा भ्यालेला असतो.

बापास, गावास, सरकारास दोष देऊन झाला. परंतु या साऱ्या चर्चेत एका व्यक्तीचे नाव कोणीच घेत नाही. बोहल्यावर त्या पंधरा वर्षांच्या मुलीसमोर उभा असतो तो नवरदेव कोण? तो बहुधा बावीस, पंचवीस, अठ्ठावीस वर्षांचा तरुण असतो. त्याने शाळा पाहिलेली असते, कित्येकदा महाविद्यालयही पाहिलेले असते. त्याच्या खिशात फोन असतो व त्या फोनवर जगाच्या बातम्या असतात. अंतरपाट धरणारे, मंडप घालणारे, वरातीत नाचणारे त्याचे मित्रही तरुणच असतात. त्यांतले काही नांदेडच्या अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करीत असतात. बालविवाह प्रतिबंधक कायदा कोणत्या वर्षी झाला, या प्रश्नाचे उत्तर त्यांस मुखोद्गत असते. परीक्षेत ते २००६ असे बिनचूक लिहितात आणि सुट्टीत गावी जाऊन त्याच हाताने अक्षता टाकतात!

हे लिहिताना आम्हांस आमचाच एक अपराध आठवतो. वृत्तपत्रात येण्यापूर्वी आम्ही एका खेड्यात शिक्षक होतो. नववीतील एक हुशार मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात आली नाही. काही दिवसांनी तिचे वडील लग्नाचे निमंत्रण घेऊन दारी आले. हजेरीपटावरील तिची जन्मतारीख आम्हांस ठाऊक होती. तरीही गावाशी वाकडेपणा नको म्हणून आम्ही लग्नास गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो आणि परत येऊन हजेरीपटावरील तिच्या नावावर तांबड्या शाईची रेघ ओढली. त्या वेळी आम्हीही तरुणच होतो. आज तरुणांस उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही, असे कोणी म्हटल्यास ते आम्ही मान्य करू. परंतु जी चूक आमच्या हातून झाली, ती कशी होते, हे आम्ही निश्चित सांगू शकतो. ती दुष्टपणाने होत नाही. ती भिडेने होते.

आता तरुणांची बाजूही ऐकली पाहिजे. नोकरी नाही, शेती कोरडवाहू, म्हणून उपवर मुलगी कोणी देत नाही. वय वाढत चालले आहे, आई डोळ्यांत पाणी आणते. अशा वेळी कोणी लहान मुलगी देऊ केली तर नाही कसे म्हणावे? ही वेदना खरी आहे व तिची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. परंतु बेकारीवर अल्पवयीन बायको हा उतारा नव्हे. ज्या मुलीचे स्वतःचे अंग अजून भरलेले नाही, तिच्या पोटी येणारे मूल अशक्त निपजण्याची भीती असते आणि दोघांच्या दारिद्र्यात तिसऱ्याची भर पडते.

सन १९४७-४८ मध्ये ही पैनगंगा केवळ नदी नव्हती, ती सीमा होती. अलीकडे निजामी राज्य होते, पलीकडे वऱ्हाड. पलीकडच्या उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांची छावणी होती. शाळा सोडून आलेली पोरे स्वामी रामानंद तीर्थांच्या शब्दाखातर रझाकारांच्या बंदुकांसमोर उभी राहिली आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. आजच्या तरुणांस कोणी प्राण मागत नाही. ‘ही मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत मी बोहल्यावर चढणार नाही,’ एवढे एक वाक्य त्याने बोलावे, इतकीच आमची मागणी आहे. नवरदेव उभा राहिला नाही, तर कोणता बाप लग्न लावणार?

मित्रांचे काम त्याहून सोपे आहे. सुपारी फुटली की, एकट्याने नव्हे, दहाजणांनी मिळून मुलीच्या बापाकडे जावे. मांडव पडल्यावर जाऊन पोलीस बोलावण्यापेक्षा आधी जाऊन समजूत घालणे केव्हाही बरे. न ऐकल्यास ग्रामसेवकास कळवावे व त्यास चहाडी समजू नये. मात्र बापास ‘लग्न करू नको’ म्हणणाऱ्यांनी ‘मग पोरीला ठेवू कोठे?’ या त्याच्या प्रश्नाचेही उत्तर दिले पाहिजे. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा मोफत पास आहे. परंतु वसतिगृह वेळेवर उघडले नाही आणि गाडी फाट्यावरूनच परतली, तर त्या पासाचे मुलीने काय करावे? ही गाडी गावापर्यंत आणणे व ते वसतिगृह उघडावयास लावणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ते पार पडेपर्यंत शासनास स्वस्थ बसू न देणे हे तरुणांचे कर्तव्य आहे.

लग्नसराई सुरूच आहे. कोठे तरी आज सुपारी फुटत असेल. त्या घरातील मुलगी काही बोलणार नाही; तिला कोणी विचारलेलेच नाही. बोलावयाचे आहे ते तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्या तरुणाला.