कुत्र्यांचा दवाखाना कुणाच्या दारात?

दोस्तांनो, मी कुत्र्यांच्या दवाखान्याच्या बाजूनं लिहितोय. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणी अंक भिरकावून द्यायला नको.

प्रकरण असं आहे. चेंबूरच्या एका गल्लीत बंगल्याचा प्लॉट आहे. विकास आराखड्यात निवासी. मालकाला तिथं जनावरांचा दवाखाना काढायचाय आणि मागच्या बाजूला कुत्री ठेवायची सोय करायचीय. म्हणजे साहेब परदेशी गेले, बाईसाहेब माहेरी गेल्या, की त्यांचं कुत्रं इथं राहणार, खाणार, झोपणार. रोजाचं भाडं. त्यासाठी मालकाला झोन बदलून पाहिजे. गल्लीतल्या सोसायट्या पेटून उठल्यात. आणि इकडं आमच्या गोवंडीतली काही पोरंही पेटलीत, पण वेगळ्या कारणानं. ती म्हणतात, माणसाला छप्पर नाही आणि कुत्र्याला लॉज!

मला दोघांशीही भांडायचंय.

झोन म्हणजे काय ते आधी बघू. मी मॅट्रिक झालेला, गोदीत ओझी वाहणारा आणि कविता करणारा माणूस. नगररचनेची पदवी माझ्याकडं नाही. पण कुठला माल कुठल्या मालाशेजारी ठेवायचा नाही, हे गोदीवाल्याला साहेबानं शिकवावं लागत नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उडालं. पोटात दारूगोळा आणि त्याच पोटात कापसाच्या गाठी. आग लागली, स्फोट झाले, शेकडो माणसं गेली. म्हणून मी असं म्हणणार नाही की झोन ही सगळी थोतांडं आहेत. कारखान्याचा धूर पाळण्यात जाऊ नये हे बरोबरच आहे. पण माल वेगळा ठेवता ठेवता हे लोक माणसं वेगळी ठेवायला लागतात, तिथं माझं डोकं फिरतं.

आणि हे आपल्याला कुणी सांगायला नको. गावानं झोन पाडले तेव्हा महापालिका नव्हती, नकाशा नव्हता, रंगाची पेटीही नव्हती. तरी पट्टे पक्के. महारवाडा बहुतेक गावांत पूर्वेला. आपल्याकडं वारा जास्त करून पश्चिमेकडून वाहतो. गावावरून आलेला वारा आम्ही घ्यायचा, आमच्यावरून गेलेला वारा गावाला लागायला नको! हाच आपल्याकडचा पहिला विकास आराखडा. त्याच्यावर हरकती मागवल्याची नोंद कुठं सापडत नाही.

तिकडं अमेरिकेत काय वेगळं झालं? बाल्टिमोर शहरानं १९१० साली कायदाच केला, की गोऱ्यांच्या वस्तीच्या गल्लीत काळ्या माणसानं राहायला यायचं नाही आणि काळ्यांच्या गल्लीत गोऱ्यानं. दिसायला समान, करायला हरामखोरी. लुईव्हिल शहरातला असाच कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९१७ साली रद्द केला. मग १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड नावाच्या छोट्या गावाचा खटला आला. त्यात न्यायालयानं जागेच्या वापराप्रमाणं झोन पाडणं कायदेशीर ठरवलं. त्याच निकालात बंगल्यांच्या वस्तीत घुसणाऱ्या भाड्याच्या मजली इमारतींना बांडगूळ म्हटलं. बघा गंमत. माणसाच्या रंगाचं नाव घेता येत नाही, मग प्लॉटचा आकार सांगायचा, घराचा प्रकार सांगायचा. गरीब आपोआप बाहेर.

म्हणून कुठल्याही झोनच्या भांडणात मी दोनच गोष्टी विचारतो. वास कुणाकडून येतोय आणि तो कुणाकडं ढकलला जातोय?

आता कायदा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याचं कलम ३७ सांगतं, की आराखड्याचं मूळ रूप न बदलणारा फेरबदल करायचा असेल तर राजपत्रात नोटीस काढा, एक महिन्याच्या आत हरकती आणि सूचना मागवा, सुनावणी घ्या आणि मग सरकारच्या मंजुरीला पाठवा. मुंबईचा चालू आराखडा २०३४ सालापर्यंतचा. त्याचा पहिला मसुदा २०१५ साली आला तेव्हा त्यात इतक्या चुका निघाल्या, की लोकांच्या ओरडीमुळं तो त्याच वर्षी मागं घेऊन परत करायला लावला. २०१८ साली कुठं सुधारलेला आराखडा लागू झाला. म्हणजे हरकतीच्या कागदात दम असतो. आणि त्या कलमात एक शब्द आहे, तो नीट वाचा. हरकत कुणीही घेऊ शकतो. त्याच गल्लीत राहणाराच पाहिजे, घराचा मालकच पाहिजे, असं तिथं लिहिलेलं नाही.

सोसायटीवाल्यांच्या हरकती काय आहेत? कुत्री रात्रभर भुंकतील. वास येईल. गाड्यांची गर्दी होईल. घाण पाणी गटारात जाईल. आमच्या फ्लॅटचे भाव पडतील. आणि शेवटची, ही लिहीत नाहीत पण जिन्यात बोलतात: असल्या जागी कामाला कसले कसले लोक येतात.

पहिल्या चार हरकती खऱ्या आहेत. मी त्यांची टिंगल करणार नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप काय चीज असते ते मला कळतं. वीस कुत्री एका शेडमध्ये ठेवली आणि एकानं सूर लावला, की बाकीची एकोणीस साथ देणारच. पत्र्याच्या शेडमध्ये तर तो आवाज दुप्पट. पण या चारही गोष्टींवर इलाज आहे. पाचव्या हरकतीवर इलाज करायची मला गरज वाटत नाही. आणि सहावीवर कुठल्याच दवाखान्यात औषध मिळत नाही.

समजा, सोसायट्या जिंकल्या. परवानगी नाकारली. मग दवाखाना हवेत विरून जाईल काय? शहरात पाळीव कुत्री वाढतायत, ती आजारी पडणार, त्यांचे मालक पैसे मोजायला तयार. धंदा जागा शोधणारच. कुठं शोधेल? जिथं नोटीस वाचणारा नाही, जिथं वकील नाही, जिथं लोकच बेकायदेशीर ठरवलेले आहेत म्हणून त्यांच्या हरकतीला किंमत नाही, तिथं. म्हणजे हार्बर लाईननं एक स्टेशन पुढं. गोवंडीत.

हे मी उगाच भुताचं भय घालत नाही. आमच्या एम-पूर्व वॉर्डाचा इतिहास बघा. १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखाना उठवून आणला तो देवनारला. इस्पितळांचा कचरा जाळायची भट्टी उभी केली तीही याच वॉर्डात. बाकीच्या शहरानं प्रत्येक वेळी 'आमच्या दारात नको' म्हटलं आणि प्रत्येक वेळी ती वस्तू चालत चालत आमच्या दारात आली. आमच्या दाराला कडी नाही असं त्यांनी धरूनच ठेवलंय.

म्हणून मी म्हणतो, दवाखाना चेंबूरच्या त्याच गल्लीतच होऊ द्या. कुत्री ज्यांची, त्यांच्या शेजारी. तिथं भुंकणं झालं तर दुसऱ्या दिवशी महापालिकेत फोन वाजेल, साहेब गाडीतून उतरेल. आमच्याकडं वर्षभर बोंब मारली तरी कुत्रं विचारत नाही!

आता आमच्या पोरांशी. माणसाला छप्पर नाही आणि कुत्र्याला लॉज, हे वाक्य ऐकायला फक्कड आहे. मोर्चात चालेल. पण दोस्तांनो, त्या बंगल्याचा झोन बदलला नाही तर तो बंगला तुम्हाला मिळणार आहे काय? तिथं टॉवर उठेल, नाहीतर कुलूप लागेल. तुमच्या घराचा प्रश्न त्या प्लॉटवर नाही. तो आराखड्यातल्या ज्या आरक्षणांवर आपला हक्क आहे तिथं आहे. तिथं एक महिन्याची मुदत निघून जाते आणि आपण चहाच्या टपरीवर कुत्र्याला शिव्या देत बसतो.

आणि कुत्र्यावर राग कशाला? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्याला बंदी होती. बाबासाहेबांनी भांडण काढलं ते बंदी घालणाऱ्यांशी. जनावराला पाण्यावरून हाकला असं काही तिथं कुणी म्हटलं नाही.

उलट जनावराच्या डॉक्टरची गरज सगळ्यात जास्त आपल्याला आहे. पिसाळलेलं कुत्रं मोटारीतल्या माणसाला चावत नाही. ते पहाटेच्या पाळीला चालत निघालेल्याला चावतं, कचरा वेचणाऱ्या पोराला चावतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लेप्टोचं तसंच. उंदराच्या, कुत्र्याच्या मुतातून ते पाण्यात येतं आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून अनवाणी कोण चालतं? २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईनं ते बघितलंय. भटक्या कुत्र्यांची नसबंदी करा, लस टोचा, असं २०२३ चे नियम सांगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात कोंडायला सांगितलं. मग त्याच महिन्यात आदेश सौम्य केला, की पिसाळलेली आणि चावरी सोडून बाकीची नसबंदी करून, लस देऊन परत सोडा. हे सगळं करायला डॉक्टर पाहिजे, टेबल पाहिजे, जागा पाहिजे. परळला जनावरांचं इस्पितळ आणि पशुवैद्यकीय कॉलेज एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. पण एकट्या परळच्या जिवावर एवढं शहर चालत नाही. दवाखाने वाढलेच पाहिजेत. ते कुठं आणि कुठल्या अटींवर, एवढंच भांडण आहे.

अटी मी सांगतो. सुनावणीत याच लिहून द्यायच्या.

कुत्री ठेवायची जागा पक्क्या भिंतींची, वरून बंद आणि हवा खेळती. पत्र्याची शेड चालणार नाही. किती कुत्री ठेवायची तो आकडा परवानगीतच लिहिलेला पाहिजे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. हा २००० सालचा नियम आहे. तेव्हा दहाच्या आत सगळी कुत्री आत, आणि रात्री तिथं माणूस हजर. लस घेतल्याचा कागद बघितल्याशिवाय एकही कुत्रं ठेवून घ्यायचं नाही. साथीच्या रोगाचं जनावर वेगळ्या खोलीत. धुण्याचं पाणी मलनिस्सारणाच्या पाइपात, पावसाच्या नाल्यात नाही. तो नाला पुढं कुणाच्या झोपडीमागून जातो ते आम्हाला माहीत आहे. सुया भोक न पडणाऱ्या डब्यात, कापलेले अवयव पिवळ्या पिशवीत, आणि रोजचा हिशेब वहीत. जनावरांचे दवाखाने २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात येतात, मालकाला त्यातून सुटका नाही.

आणि सोसायटीवाले कधीच मागणार नाहीत अशी अट आपण मागायची. पिंजरे कोण धुणार? गू कोण काढणार? मेलेलं जनावर कोण उचलणार? मेलेली ढोरं ओढायचं काम आपण कधीच फेकून दिलं, पण पगारी नोकरीच्या नावानं ते मागच्या दारानं परत येतं आणि ठरलेल्या जातीलाच येतं. काम करणाऱ्याला चावा बसायच्या आधीच रेबीजची लस, मालकाच्या खर्चानं. हातमोजे, बूट, किमान वेतन, हजेरीवर सही. रात्री राहणाऱ्या माणसाला झोपायला खोली पाहिजे. कुत्र्याला पंखा आणि राखणदाराला पायरी, हा धंदा चालणार नाही. शिवाय आठवड्यातून एक दिवस वस्तीतल्या कुत्र्यांना, शेळ्यांना, कोंबड्यांना कमी पैशात तपासायचं. निवासी प्लॉटचा धंद्याचा प्लॉट करून देते ती जनता. जनतेला त्यातून एक दिवस मिळायला काय हरकत आहे?

पुढं ही सवय ठेवू. जिथं कुठं झोन बदलाची नोटीस निघेल, मग ती दवाखान्याची असो की पेट्रोल पंपाची, ती आणून युवकांच्या बैठकीत वाचायची. ज्याला इंग्रजी येतं त्यानं मोठ्यानं मराठीत सांगायचं. मुदत कधी संपते ती तारीख खडूनं भिंतीवर लिहायची. हरकतीला फुलस्केपचा एक कागद पुरतो. त्याच्यावर नाव, पत्ता, प्लॉटचा उल्लेख आणि आपलं म्हणणं. दोन प्रती करायच्या, एकीवर पोचेचा शिक्का मारून घ्यायचा. शिक्का दिल्याशिवाय कारकुनाच्या टेबलावरून हलायचं नाही.

या प्लॉटच्या सुनावणीला सोसायटीवाले वकील घेऊन येतील. आपण आपल्या अटी घेऊन जाऊ. ते विचारतील, तुमचा या गल्लीशी काय संबंध? सांगायचं, तुमच्या गल्लीनं नको म्हटलेलं आजवर सगळं आमच्याकडं आलंय. एवढा संबंध पुरे.

जयभीम.