‘सावित्रीजोती’ कोणी बंद केली?

‘सावित्रीजोती’ ही मालिका सोनी मराठी वाहिनीवर ६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर गुंडाळण्यात आली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे सहजीवन हा तिचा विषय होता. पुरेसा प्रेक्षक, म्हणजे त्या धंद्याच्या भाषेत टीआरपी, मिळत नाही, असे कारण पुढे आले. मालिकेशी संशोधक म्हणून निगडित असलेले प्रा. हरी नरके यांनी त्या वेळी जाहीरपणे खंत व्यक्त केली. पुष्कळांनी हळहळ बोलून दाखवली आणि त्या हळहळीतून एक निष्कर्ष काढला : महाराष्ट्र फुल्यांचे नाव घेतो, पण त्यांना पाहू इच्छीत नाही. नरके २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. हा निष्कर्ष मात्र मागे राहिला आहे आणि चळवळीच्या बैठकांतून अजूनही ऐकू येतो. तो एकदा नीट तपासून पाहिला पाहिजे. कारण तो खरा मानायचा, तर कार्यकर्त्याने लोकांकडे जाण्यात अर्थच उरत नाही.

जे ही मालिका पाहत होते त्यांना तिच्यात काय सापडले, तेथून आरंभ करू. मालिकेच्या नावात बाईचे नाव आधी होते, ही गोष्ट लहान नाही. संध्याकाळच्या ज्या वेळात मराठी घरांतून सासू-सुनांची कारस्थाने आणि दागिन्यांनी मढलेल्या स्वयंपाकघरांची चित्रे वाहतात, त्याच वेळात एक नवरा-बायको पाटी-पेन्सिल घेऊन बसलेले दिसत होते. ओंकार गोवर्धन आणि अश्विनी कासार या दोघांनी ते जोडपे उभे केले. पुतळ्याच्या चौथऱ्यावरून खाली उतरून ही माणसे घरात आली होती. आमच्या कुरुंदवाडात धारा काढून, दूध डेअरीला घालून, चुलीपुढे बसता बसता ज्या बायका ही मालिका बघत, त्यांच्यापैकी अनेकींना सावित्रीबाई ठाऊक होत्या त्या तीन जानेवारीच्या हार घातलेल्या तसबिरीपुरत्या. त्या तसबिरीतल्या बाईलाही घर होते, सासरा होता, निर्णय घेताना भीती होती, हे त्यांना कळत होते. जयंतीच्या शंभर भाषणांना जे साधत नाही, ते रोजच्या अर्ध्या तासाला साधत होते.

हा काळ कसा होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. मालिका सुरू होण्यापूर्वी पाचच महिने, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुराने शिरोळ तालुका पाण्याखाली घातला होता. कुरुंदवाड तर दोन्ही नद्यांच्या संगमाकाठचे गाव. ज्या घरांत पाणी शिरले तेथे आधी भिंत उभी राहायची होती, टीव्हीचा विचार त्यानंतरचा. मालिका जरा स्थिरावते तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, चित्रीकरणे थांबली आणि रोजच्या मालिकेचा जो प्राण, सातत्य, तेच तुटले. पुन्हा आरंभ झाला आणि वर्ष संपण्याच्या आत शेवटही झाला. ज्या रोपाला एकदा पुराने आणि एकदा दुष्काळाने झोडपले त्याने भरघोस कणीस दिले नाही, म्हणून बियाणेच खोटे ठरवणारा शेतकरी आम्ही तरी पाहिलेला नाही.

आता मोजमापाकडे वळू. देशात टीव्हीचे प्रेक्षक मोजण्याचे काम ‘बार्क’ ही संस्था करते. वाहिन्या, जाहिरातदार आणि जाहिरातसंस्था यांच्या संघटना तिच्या मालक आहेत. २०२० मध्ये देशात टीव्ही असलेली घरे सुमारे २१ कोटी होती आणि मोजणीचे यंत्र बसवलेली घरे सुमारे ४४ हजार. म्हणजे साधारण पावणेपाच हजार घरांमागे एक यंत्र. वीस-बावीस हजार वस्तीच्या कुरुंदवाडाच्या वाट्याला, सरासरीच काढायची तर, जेमतेम एक यंत्र येते. सारे गाव एका घरावरून ओळखायचे!

तरीही केवळ नमुना लहान आहे असा आक्षेप घेऊन भागणार नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्या आयाबायांना संख्याशास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. खरा प्रश्न असा की, त्या शिताला काय विचारले जाते? टीआरपीचे यंत्र कोणती वाहिनी किती मिनिटे चालू होती एवढेच सांगते. एखादी बाई कामाच्या नादात टीव्ही चालू ठेवून परसात गेली आणि दुसरीने काम बाजूला ठेवून सावित्रीबाईंचा प्रसंग डोळ्यांत पाणी आणून पाहिला, तर यंत्राच्या लेखी दोघी सारख्याच. शिवाय या मोजणीत घरांची प्रतवारी केली जाते. घरातील मुख्य कमावत्या माणसाचे शिक्षण किती आणि घरात वस्तू किती, पंखा, फ्रीज, मोटारसायकल, मोटार, यावरून घराचा वर्ग ठरतो. जाहिरातदाराला कोण बघते एवढेच पुरत नाही. जो बघतो तो विकत काय घेऊ शकतो, हे त्याला हवे असते. शेतमजुराच्या घरातील नजर आणि बंगल्यातील नजर यांचे भाव निराळे आहेत. माणसाचे मोल जन्मावरून ठरवणाऱ्या व्यवस्थेशी ज्यांनी आयुष्यभर झुंज दिली, त्यांच्या चरित्राचे मोल अखेर घरातल्या वस्तूंच्या यादीवरून ठरावे, याला काय म्हणावे?

तेव्हा टीआरपीने दिलेला निकाल हा लोकांनी दिलेला निकाल नव्हे. अमुक वेळात अमुक मालिका दाखवली तर साबण आणि सोने विकणाऱ्यांना किती गिऱ्हाइके मिळतील, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. ज्याने प्रश्न विचारला त्याला ते उपयोगाचे असेल. आपण ते महाराष्ट्राच्या मनाचे प्रमाणपत्र म्हणून का स्वीकारावे? आणि मोजमापावर श्रद्धाच ठेवायची, तर २०२० च्या ऑक्टोबरमध्ये काय घडले तेही आठवावे. मुंबई पोलिसांनी टीआरपीतील कथित गैरव्यवहाराचा गुन्हा दाखल केला आणि त्यानंतर ‘बार्क’ला वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे प्रसिद्ध करणे स्थगित करावे लागले. तराजूविषयीच शंका उभी राहिली होती, त्याच हंगामात त्या तराजूने फुल्यांना तोलून उतरवले.

लोकांना विचार नकोच असतात, हे म्हणणे दुसऱ्याही एका उदाहरणाने खोटे पडते. याच निर्मितीसंस्थेची, दशमी क्रिएशन्सची, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील मालिका स्टार प्रवाह वाहिनीवर मे २०१९ पासून ऑक्टोबर २०२० पर्यंत चालली. सुमारे सतरा महिने घराघरांतून ती पाहिली गेली. टाळेबंदी तिच्याही वाट्याला आली. मग फरक कोठे पडला? वाहिनी कोणती, तिचा पसारा केवढा, वेळ कोणती, त्या वेळी समोर काय चालू आहे, अशा अनेक गोष्टींनी तो पडतो. हा सगळा हिशेब सोडून एकदम समाजाच्या नावाने बोटे मोडणे हा आळशी विचार आहे. त्यात धंद्याची सोय आहे, कारण मग मालिका बंद करणाऱ्याकडे कोणी बोट दाखवीत नाही.

फुल्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडले असेही नाही. १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. जोशीबुवाने नाडलेले एक कुणबी जोडपे अखेर फुले दांपत्याच्या रात्रशाळेत शिकायला निघते, अशी त्याची कथा आहे. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीपुढे ठेवले आणि कमिटीने ते नाकारले. ते छापून यायला १९७९ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे एक नाटक बाडात पडून राहिले, ते लोकांनी नाकारले म्हणून नव्हे. ते लोकांपर्यंत जाऊच दिले गेले नाही. त्या वेळी दारात कमिटी बसली होती, आज आकड्यांचे यंत्र बसले आहे. कमिटीचे सभासद निदान नावानिशी ठाऊक होते; यंत्राच्या आड बसणाऱ्यांना नाव नाही आणि जबाबदारीही नाही.

अवेळी बंद पडल्याने नेमके काय गेले? एका वर्षाच्या मुदतीत उत्तरायुष्याला त्याच्या योग्यतेचा विस्तार मिळणे शक्यच नव्हते. आणि फुल्यांचे उत्तरायुष्य म्हणजे त्यांच्या विचाराचा कळस. १८७३ मधील सत्यशोधक समाजाची स्थापना, १८७७ च्या दुष्काळातील अन्नछत्रे, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन, १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हातून उभी राहिलेली गिरणी कामगारांची संघटना, आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाईंना आलेले मरण, हे सारे सावकाश, पायरीपायरीने उलगडायला हवे होते. शाळा काढणारे फुले आज सर्वांना चालतात. सरकारी जाहिरातीतही ते शोभून दिसतात. शेतकरी का नागवला जातो हे हिशेबासह मांडणारे फुले अडचणीचे असतात. मालिका संपली त्या डिसेंबरात दिल्लीच्या वेशीवर हजारो शेतकरी थंडीत बसले होते. त्या आठवड्यांत ‘असूडा’ची प्रकरणे घरोघरी पाहिली गेली असती, तर उसाच्या बिलासाठी दरवर्षी रस्त्यावर उतरणाऱ्या आमच्या शिरोळ तालुक्याला ती वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

वाहिनी खासगी आहे, तिने तोटा का सोसावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आहे. सार्वजनिक मालमत्तेवर धंदा करणाऱ्याने काही देणे लागते, हे तत्त्व सरकारलाही मान्य आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहिन्यांनी रोज तीस मिनिटे सार्वजनिक हिताचे कार्यक्रम दाखवायचे आहेत. शिक्षण, शेती, स्त्रिया आणि दुर्बल घटक यांचे कल्याण हे विषय त्यात नमूद आहेत. ‘सावित्रीजोती’चा एक भागही अर्ध्या तासाचाच होता! या तीस मिनिटांत मराठी वाहिन्या काय दाखवतात, याचा जाब विचारायला कोणाची आडकाठी आहे?

सरकारच्या हाती सारे सोपवावे असे मात्र आम्ही सुचवणार नाही. १९७५ ते ७७ या काळात आकाशवाणी आणि दूरदर्शन सत्तेचे भाट कसे बनले, हे समाजवाद्यांना नव्याने शिकवण्याची गरज नाही. त्या अनुभवातूनच जनता राजवटीत वर्गीज समिती नेमली गेली, आणि रडतखडत का होईना १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला. तो अमलात यायला १९९७ उजाडले. ती स्वायत्तता अद्याप कागदावरून खाली उतरायची आहे. तरीही सार्वजनिक पैशातून काय होऊ शकते याचे दाखले आहेत. १९८८ मध्ये सुरू झालेल्या श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’मध्ये महात्मा फुल्यांवर स्वतंत्र भाग होता आणि सदाशिव अमरापूरकरांनी त्यात जोतीराव उभे केले होते. राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, तेव्हा या ग्रंथाला जाहिराती किती मिळतील, असे कोणी विचारले नव्हते. मग सह्याद्री वाहिनीने संपूर्ण फुले-चरित्र सरकारी हस्तक्षेपाविना आणि आकड्यांच्या धाकाविना का करू नये?

आश्रयाचा हा प्रश्न कुरुंदवाडला अपरिचित नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ मध्ये याच गावात जन्मले. गाणे राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात अडकले होते, त्या काळात त्यांनी दरबारचा आधार सोडला आणि १९०१ मध्ये लाहोरला लोकांच्या वर्गणीवर गांधर्व महाविद्यालय उभे केले. राजाची मर्जी गेली की गाणे बंद, ही अवस्था त्यांना मान्य नव्हती. जाहिरातदाराची मर्जी गेली की फुले बंद, ही अवस्था आपण मुकाट्याने का मान्य करावी?

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे आहेत. वाहिनीने ‘सावित्रीजोती’चे सर्व भाग शाळा, महाविद्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालये यांना विनामूल्य खुले करावेत, अशी मागणी गावोगावच्या ग्रंथालयांच्या ठरावांसह गेली पाहिजे. मराठी वाहिन्यांच्या रोजच्या तीस मिनिटांचा हिशेब माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे मागितला पाहिजे. आणि तिसरे काम कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता करण्याजोगे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच बाज घेऊन फुल्यांचा विचार माळरानावरच्या वाडीपर्यंत नेला. राजर्षी शाहूंच्या या कोल्हापूर जिल्ह्यात तर त्याची मुळे खोल आहेत. १९११ मध्ये येथे सत्यशोधक समाज पुन्हा उभा राहिला. मालिकेला पुरेसा दाखवता आला नाही तो भाग, दुष्काळ, ‘असूड’ आणि प्लेग, शाळेतल्या मुलामुलींनी, बचत गटातल्या बायकांनी तासाभराच्या प्रयोगातून उभा करावा. कुरुंदवाडात मशिदींतून गणपती बसतो आणि सारे गाव तेथे येते; सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांची कथा सांगायला याहून चांगली जागा कोठे मिळेल? दर पावणेपाच हजार घरांमागच्या एका पेटीला काय वाटले, हे आपण पुष्कळ ऐकले. उरलेल्या घरांना काय वाटते, ते त्यांच्या दारात जाऊन विचारले पाहिजे.