‘अंगठा दिला की संपले’ : एक चिवट गैरसमज

१/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यावरून एक सोपा निष्कर्ष वारंवार काढला जातो : इंग्रजी कायद्यात कागदावर उतरले तेच अखेरचे, अंगठा दिला की संपले. हा निष्कर्ष चुकीचा आहे. शिवाय तो खऱ्या अन्यायावर पांघरूण घालतो.

२/ १८७२ चा करार कायदाच पाहावा. कराराच्या गाभ्याशी असलेल्या वस्तुस्थितीबाबत दोन्ही पक्ष चुकले, तर कलम २० नुसार करार रद्दबातल ठरतो. एकच पक्ष चुकला, तर केवळ तेवढ्यावरून कलम २२ करार मोडू देत नाही.

३/ तिसरी चूक निराळी : बोलणे बरोबर, कागद चुकलेला. समजा, वरणगावच्या शिवारात सर्व्हे नंबर ४५ चा व्यवहार ठरला आणि लिहिणाऱ्याच्या हातून ५४ उतरला. येथे करार मोडायचा नसतो. कागद कराराशी जुळवून घ्यायचा असतो.

४/ त्याची वाटही होती. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे (२०२४ मध्ये रद्द) कलम ९२ सांगत असे. पण कपट व चूक यांचा अपवादही तेच कलम करत असे. १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३१ ने तर कपटाने किंवा उभयपक्षी चुकीने बिघडलेला दस्त दुरुस्त करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला.

५/ मग अन्याय कोठे होता? अट अशी, की चूक स्पष्टपणे सिद्ध झाली पाहिजे. आणि सिद्ध कोणी करायची? ज्याला ४५ आणि ५४ यांतला फरक वाचता येत नव्हता, त्याने! दार उघडे होते. उंबरठा मात्र साक्षराच्या उंचीचा होता. ‘कायदा होता, मग दाद का मागितली नाही?’ असे विचारणारेही म्हणूनच तितकेच चुकतात.

६/ याची कबुली खुद्द सरकारने दिली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याच्या कलम १२ ने न्यायाधीशालाच आज्ञा केली : रोख्यावर थांबू नका, उभय पक्षांची साक्ष घ्या, व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासा, कपट, चूक वा दडपण होते का, ते पाहा. शोधाचे ओझे अखेर ऋणकोच्या खांद्यावरून न्यायालयाकडे सरकले.

७/ पण हा कायदा तेव्हा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू झाला. खानदेश त्यात नव्हता. सुप्याच्या अंगठ्यामागचा इतिहास न्यायाधीशाने विचारायचा; वरणगावच्या अंगठ्याने तो स्वतः सिद्ध करायचा!

८/ दस्तदुरुस्तीची तरतूद आजही १९६३ च्या कायद्याच्या कलम २६ मध्ये आहे. म्हणून जुना रोखा हाती आला, की त्यात काय लिहिले आहे एवढ्यावर थांबू नये. तो कोणी लिहिला, कोणाला वाचता येत होता आणि चूक दाखवण्याचे ओझे कोणावर होते, हे विचारल्याखेरीज त्याला पुरावा म्हणू नये.