फुकटची पेटी

निवृत्तीनंतर आमच्या बँकेतल्या कोणी शेअर घेतले, कोणी गुडघे बदलले. मी पेटी उघडली. फुलचुरात भजनाला, बारशाला, मंडळाच्या कार्यक्रमाला वाजवू लागलो. मानधन विचारलं की हात जोडायचे, 'छे हो, हौस आहे!' त्यात थोडा अहंकारही होता. कादंबरीकाराच्या कानावर टाळ्या कुठल्या पडायला?

दिवाळी सरली, धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्र-रात्र नाटकं रंगतात. गाण्यांना साथ करायला वादक समोरच बसलेले असतात. त्या चार महिन्यांवर कितीतरी घरांची वर्षभराची चूल पेटते. या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली 'पद्मश्री' जाहीर झाली, तेव्हा छाती आम्हीही फुगवली होती.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमानंतर मंडपामागे चहा घेताना एक पेटीवाला भेटला. बोटं माझ्याहून कितीतरी तयार. म्हणाला, "साहेब, मागच्या साली या जागेवर मी होतो. तुम्ही छान वाजवता." आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच त्या रात्री झोप लागली नाही.

जन्मभर लोकांच्या कर्जाचे हिशेब तपासले, हा मात्र नजरेतून सुटला. पेन्शनवाल्यानं फुकट वाजवणं ही सेवा नव्हे, पोटावर वाजवणाऱ्याचा भाव पाडणं आहे. घरगुती भजनाची गोष्ट वेगळी. तिथं पैसा कोण मागतो?

परवा एक गृहस्थ आमंत्रण घेऊन आले. मी बिदागीचा आकडा सांगितला. "काका, तुम्हीसुद्धा?" म्हणत ते गोरेमोरे झाले. मग त्या पेटीवाल्याचा नंबर मागून घेतला.