संगणकाचे सर्टिफिकेट आणि कारागिराचे घर

मुलाला कोणता कॉम्प्युटर कोर्स लावावा, हा प्रश्न आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरात गेली तीस वर्षे विचारला जात आहे. उत्तर मात्र दर पाच-सात वर्षांनी बदलत गेले. आधी टायपिंग, मग डिप्लोमा, मग हार्डवेअर-नेटवर्किंग, मग एमएस-सीआयटी, मग टॅली, आणि आता एआय. प्रत्येक वेळी सल्ला देणारा वेगळा होता, फी भरणारा मात्र तोच. कोणी गॅरेजवाला, कोणी शिंपी, कोणी किराणा दुकानदार. आता एवढा काळ लोटला आहे की या खर्चाचा हिशेब मांडायला हरकत नसावी.

टायपिंगपासूनच सुरुवात करू. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे तीस आणि चाळीस शब्दांचे सर्टिफिकेट ही एके काळी तालुक्याच्या गावातल्या मुलाची मोठी कमाई होती. पुढे यंत्रच गेले. शिरवळच्या कारखान्यात गोदरेजने २००९ साली टायपरायटर बनवणे थांबवले. पण मराठी टायपिंग शिकलेल्या माणसाची बोटे बेकार झाली नाहीत. तीच अक्षररचना कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर आली आणि तो माणूस झेरॉक्सच्या दुकानात, वकिलाच्या टेबलावर, तहसील कचेरीच्या बाहेर काम करीत राहिला. सर्टिफिकेट जुने झाले, हुन्नर जुना झाला नाही. हा फरक तेव्हाच आपल्या लक्षात यायला हवा होता.

कारण पुढच्या लाटेत नेमके उलटे घडले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य ग्राहकांसाठी खुले केले. सन २००० च्या तारखेचा घोळ मिटवण्यासाठी परदेशात आपल्या प्रोग्रामरांना मागणी आली. एनआयआयटी १९८१ पासून आणि ॲपटेक १९८६ पासून या धंद्यात होतेच. त्यांच्यामागून शहराशहरांत लहानमोठ्या क्लासचे फलक लागले. साकोलीहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. तेथे खोली करून मुलाला शिकवणे म्हणजे दुकानाच्या भांडवलाला हात लावणे. तरीही लोकांनी ते केले. नॉव्हेल कंपनीचे सीएनई, मायक्रोसॉफ्टचे एमसीएसई, १९९८ पासून सिस्कोचे सीसीएनए अशी नावे ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते अशा बापांनाही पाठ झाली होती.

मार्च २००० नंतर अमेरिकेतला इंटरनेट कंपन्यांचा बाजार कोसळला आणि पुढच्या वर्षी ज्या मुलांचे कोर्स संपले त्यांना त्याचा फटका बसला. त्यात त्यांचा दोष नव्हता. मंदी भातातही येते. पण दुसरी गोष्ट जास्त विचार करण्यासारखी आहे. विंडोजपुढे नॉव्हेलचे नेटवेअर मागे पडले, २०११ मध्ये ती कंपनीच दुसऱ्याने विकत घेतली, आणि तिचे सर्टिफिकेट हातात राहिले. मायक्रोसॉफ्टने एमसीएसईच्या परीक्षा जानेवारी २०२१ अखेर कायमच्या बंद केल्या. सिस्कोचे सर्टिफिकेट तीन वर्षांचे असते. मग पुन्हा परीक्षा आणि पुन्हा फी. आपला दुकानदार परवान्याची मुदत पाहतो, गाडीचा विमा कधी संपतो हे लक्षात ठेवतो, औषधाच्या पाकिटावरची तारीख तपासतो. मुलाच्या सर्टिफिकेटवरची तारीख मात्र आपण वाचली नाही.

या परीक्षा खोट्या होत्या असे मी म्हणत नाही. ज्यांनी त्या समजून दिल्या त्यांना पुण्यात, बंगळूरला आणि आखाती देशांत चांगली कामे मिळाली. पण कंपनी सर्टिफिकेट देते ते आपला माल सांभाळणारी माणसे तयार व्हावीत म्हणून. पंपाची कंपनी मिस्त्रीला बोलावून दोन दिवसांचे शिक्षण देते, टोपी देते, आणि त्या मिस्त्रीने तोच पंप गिऱ्हाइकाला सुचवावा अशी तिची अपेक्षा असते. यातलाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की मिस्त्रीला टोपी फुकट मिळते आणि येथे परीक्षेची फी डॉलरच्या भावाने भरावी लागे.

एमएस-सीआयटीची गोष्ट निराळी. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन म्हणजे एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झाली आणि तिचा हा कोर्स तालुक्यातालुक्यांत पोहोचला. सरकारी नोकरीसाठी संगणकाची परीक्षा आवश्यक ठरली. मुदतीत ती न देणाऱ्या कर्मचाऱ्यांची वेतनवाढ रोखण्याचे आदेश निघाले, तेव्हा पन्नाशीचे गुरुजी आपल्याच विद्यार्थ्यांशेजारी बसून माऊस धरायला शिकले. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी हा कोर्स केल्याचे एमकेसीएल सांगते. साहजिकच ज्या कागदाने एक कोटी लोकांना वेगळे ठरवायचे तो कागद कोणालाच वेगळे ठरवीत नाही. तो फक्त दार उघडतो. आपल्याकडे अनेकांनी दाराला घर समजले. तरीही या कोर्सला मी उणे गुण देणार नाही, आणि त्याचे कारण आपल्या मुली आहेत. नागपूरला खोली करून राहू देण्यास जे घर तयार नव्हते, त्याच घराने गावातल्या गावात दोन तासांच्या बॅचला मुलीला पाठवले. पुढे त्यांतल्या काहींनी घरच्या दुकानाच्या वह्या हातात घेतल्या.

आणि वह्या हातात घेणारा माणूस लवकरच लागणार होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मालाच्या व्यापाराला वार्षिक चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, ही सवलत २०१९ पासून आहे; परंतु त्याहून मोठा धंदा असलेल्या लोखंडवाल्याला, टायरवाल्याला, राइस मिलवाल्याला महिन्याच्या महिन्याला विवरणपत्र आले. २०१८ मध्ये ई-वे बिल आले. मुलगा एमसीएसई करून पुण्याला, आणि बाप जीएसटीची फाईल घेऊन भंडाऱ्याला, असे चित्र ज्या घरांत होते त्यांनी विचार करावा. उर्दू भाषा विकास परिषदेचा एक वर्षाचा डिप्लोमा या दृष्टीने फार समजून आखलेला आहे. त्यात संगणक, व्यापारी हिशेब आणि अनेक भाषांतील छपाईचे काम एकत्र शिकवतात, सर्टिफिकेट नायलिट ही सरकारी संस्था देते. २०११ पर्यंत हिचेच नाव डोएक होते. आपल्याकडे त्याची चर्चा मात्र ‘उर्दूवाल्यांचा कोर्स’ एवढीच झाली. असो.

खरा मुद्दा महामार्गावरच्या गॅरेजचा आहे. साकोली मुंबई-कोलकाता रस्त्यावर आहे. पूर्वी त्याला सहा नंबरचा हायवे म्हणत, आता त्रेपन्न. ट्रक थांबतो म्हणून आपला मिस्त्री, वेल्डर, टायरवाला, बॅटरीवाला येथे पोट भरतो. या मिस्त्रीचे ज्ञान कानात आणि बोटांत असते. इंजिन सुरू करा, तो आवाजावरून सांगेल की टॅपेट ढिला आहे की नोझल मारत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा गाड्यांचीच विक्री सुरू झाली. या गाडीत डिझेल किती जावे हे इंजिनावरचा छोटा संगणक ठरवतो. सायलेन्सरच्या मार्गात सेन्सर आहेत. ट्रकमध्ये धूर स्वच्छ करण्यासाठी युरियाचे पाणी लागते, तेच जे आता हायवेच्या दुकानांतून बादल्यांनी विकले जाते. ते संपले किंवा खराब निघाले तर गाडी चालते, पण जोर सोडते. ड्रायव्हर म्हणतो, गाडी ओढत नाही. मिस्त्री फिल्टर बदलतो, लाईन तपासतो, काहीच सापडत नाही, कारण बिघाड आवाजात नाही; तो एका कोड नंबरात आहे आणि स्कॅनर जोडल्याशिवाय तो दिसत नाही.

म्हणजे ज्या काळात आपण मुलाला कॉम्प्युटर शिकवायला गॅरेजमधून बाहेर काढले, त्याच काळात कॉम्प्युटर गॅरेजमध्ये येऊन बसला. बापाचा कान आणि मुलाचा स्कॅनर एका ठिकाणी असते, तर ते काम आज नागपूर-रायपूरच्या कंपनी वर्कशॉपला गेले नसते. कोड फक्त सेन्सरचे नाव सांगतो. सेन्सर खरोखर मेला आहे की त्याची वायर उंदराने कुरतडली आहे, हे ओळखायला मिस्त्रीच लागतो. साधा स्कॅनर काही हजारांत मिळतो; ट्रकचा पूर्ण स्कॅनर महाग पडतो, पण चार गॅरेजवाल्यांनी मिळून घेण्यासारखा आहे.

२००६ च्या सच्चर समितीने नोंदवले होते की मुस्लिम कामगारांत स्वतःचा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. अशा समाजाने सर्टिफिकेटचा विचार फक्त नोकरीच्या अर्जासाठी करावा हे मला पटत नाही. आता शासनही कारागिराला कागद देऊ लागले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपये आहेत. शिंपी, गवंडी, लोहार, सुतार त्यात आहेत. आपल्या शिंपी बांधवांनी जरूर चौकशी करावी. मोटार मेकॅनिक मात्र त्या यादीत नाही. परंपरेने चालत आलेले धंदे घेतले असे याचे कारण दिले जाईल; पण तीन पिढ्या ट्रकखाली झोपून काम केलेल्या घराला परंपरा नाही, तर कोणाला आहे? आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागायची ही मागणी आहे.

तोपर्यंत आयटीआयचा रस्ता उघडा आहे. दहावीच्या निकालानंतर अर्ज ऑनलाइन भरले जातात. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये कोणते ट्रेड आहेत ते आधी पाहून घ्यावे. संगणकाचा कोपा हा ट्रेड एक वर्षाचा आहे, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा. घरात गॅरेज असेल तर मुलाचा पहिला पसंतिक्रम मोटार मेकॅनिकचा लिहावा, आणि दोन वर्षे तो शिकत असताना बापाने स्कॅनरसाठी पैसे बाजूला टाकावेत.